गावातलं इटालियन की घरचं पातेलं?

आमच्या तालुक्याच्या गावात इटालियन हॉटेल निघालं त्याला आता दोन वर्षं होत आली. तेवढ्यात मी तिथे सहा वेळा जेवलो. घरी पास्ता किती वेळा केला ते मोजलेलं नाही, पण पंधरवड्यातून एकदा तरी होतोच. वाढदिवस आला की 'तिकडे जाऊया की घरीच करूया' हा प्रश्न हल्ली बऱ्याच घरांत पडतो, आणि त्यावर बोलण्यापुरतं भांडवल माझ्यापाशी आहे असं वाटतं. इटलीला मी गेलेलो नाही. पुण्यात नोकरीची नऊ वर्षं काढली, तेव्हा जे चांगलं खाल्लं तेवढीच माझी फूटपट्टी. पुण्याला जाऊन खाणं हा पर्याय इथे धरलेला नाही. दोन तास जायचं, दोन तास यायचं, वर टोल. पास्त्यासाठी एवढी उस्तवार कोण करतं?

आधी हॉटेलची बाजू नीट मांडतो, कारण पुढे माझ्याकडून तिच्यावर थोडा अन्याय होणार आहे.

जागा छान आहे. पिवळे दिवे, भिंतीवर स्कूटरचं चित्र, एसी चालू. पोरं टेबलाखाली शिरली तरी कोणी डोळे वटारत नाही. मालक तरुण आहे, शिकून परत गावात आलेला. टेबलापाशी येऊन विचारपूस करतो. मेन्यूच्या शेवटच्या पानावर मंचुरियन आणि पनीर टिक्का आहेत, त्यावरून नाक मुरडू नये. नुसत्या पास्त्यावर आमच्या गावात जागेचं भाडं निघणार नाही. बिलात एकदा सेवा शुल्क लावलेलं दिसलं. ते परस्पर लावता येत नाही, अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. एवढं कायद्याचं बोलायची वेळच आली नाही. नुसतं बोट ठेवलं तर मालकाने हसून काढून टाकलं. माणूस चांगला आहे.

पिझ्झ्याच्या बाबतीत तर मी सरळ हॉटेलच्या बाजूने आहे. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत होतो, इतकी ती तापलेली असते. घरचा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, २५० अंशांवर हात टेकतो. वरचं चीज वितळेपर्यंत खालच्या पोळीचा टोस्ट झालेला असतो. हॉटेलचा ओव्हन काही नेपल्सचा नाही आणि बेसही बहुधा तयार आणलेला असतो, तरी घरच्यापेक्षा बरा. शिवाय पीठ सांडलेला ओटा पुसायला नको. तिरामिसू हे इटालियन गोड दोन्हीकडे नको. मस्करपोने नावाचं चीज आमच्या गावात मिळत नाही, आणि मिळत नाही हे हॉटेलच्या तिरामिसूतही कळतं.

तर भांडण आहे ते पास्त्याचं.

पहिल्यांदा गेलो ते बायकोच्या वाढदिवसाला. मेन्यूत नऊ पास्ते बघून मी हरखलो. वेटर म्हणजे कॉलेजातलाच एखादा मुलगा असावा. मी म्हटलं, एक आल्फ्रेडो दे.

"सर, रेड, व्हाइट की पिंक?"

"अरे, आल्फ्रेडो व्हाइटच असतो ना?"

"तसं काही नाही सर. तुम्ही म्हणाल त्यात करून देतो."

रोमच्या आल्फ्रेडो दि लेलिओने नावारूपाला आणलेल्या त्या पास्त्यात लोणी आणि पार्मेझान चीज, एवढंच होतं. त्यात मलई शिरली ती अमेरिकेत. मैदा कुठे शिरला ते मी सांगायला नको. याच मेन्यूत 'व्हेज कार्बोनारा' सुद्धा आहे. कार्बोनारा म्हणजे अंडं, डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, मेंढीच्या दुधाचं चीज आणि मिरी. आमच्याकडे येईपर्यंत त्यातली मिरी उरली.

याचा मला राग नाही, खरंच नाही. चायनीजचंही आपण हेच केलं आणि ते मिटक्या मारत खातो. व्हाइट सॉसमध्ये स्वीट कॉर्न पडलं म्हणून आभाळ कोसळत नाही. माझ्या मुलीला तर तो पिंकच आवडतो, रेड आणि व्हाइट एकत्र केलेला.

मला खटकत होतं ते दाताला. पेन्नेला काटा टोचला की नळी उभी चिरायची. चावावं असं काही नाहीच, जिभेने टाळूला दाबलं तरी लगदा. बशीच्या कडेला तेलाचे बारीक थेंब आणि तळाशी दुधट पाणी सुटलेलं. पास्ता खाऊन संपला तरी सॉस जागच्या जागी, जसा काही दोघांची ओळखच करून दिलेली नव्हती. तिसऱ्या खेपेला आई बरोबर होती. तिने दोन घास खाल्ले, काटा बाजूला ठेवला आणि म्हणाली, "सकाळच्या शेवया आहेत रे या." मला वाटलं, आईला सगळंच शेवयांसारखं लागतं.

चौथ्या वेळी मुद्दाम अग्लिओ ओलिओ मागवला. लसूण, तेल, सुकी मिरची आणि स्पॅगेटी. त्या पदार्थात काही लपवायला जागा नसते. तो सात मिनिटांत टेबलावर आला. वाट बघताना मी कायम घड्याळ बघतो, म्हणून आकडा लक्षात आहे. नुसती स्पॅगेटी शिजायलाच आठ-दहा मिनिटं लागतात. पाण्याला उकळी, लसूण परतणं वेगळंच.

"एवढ्या लवकर कसा रे?"

पोरगं खूश झालं. "पास्ता सकाळीच उकडून ठेवतो ना सर. तेल लावून फ्रिजमध्ये. उरला तर उद्याला पण चालतो."

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि फ्रिजसमोरच्या टेबलावर चिरलेल्या कोबीशेजारी स्टीलचं टोपलं दिसलं, पास्त्याने काठोकाठ भरलेलं. आईचंच खरं होतं. शब्दशः सकाळच्या शेवया.

आता हे नीट सांगायला हवं, कारण माझ्यापुरता निकाल इथेच लागला. पास्ता आधी उकडून ठेवणं हा गुन्हा नाही. इटलीतल्या हॉटेलांतही गर्दीच्या वेळी अर्धा शिजवून ठेवतात. पण अर्धा. उरलेला ऑर्डर आल्यावर सॉसमध्ये पुरा होतो, आणि शेजारी खारं पाणी उकळतच असतं. आमच्याकडे पुरा शिजवतात, थंड पाण्याखाली धरतात, तेल चोळतात आणि उकळलेलं पाणी मोरीत ओततात.

पुरणाची डाळ शिजवून कट मोरीत ओतणारी बाई तुम्ही बघितली आहे का? आमच्याकडे त्याला येळवणी म्हणतात, आणि ती ओतून देणाऱ्या सुनेची गोष्ट गावभर होईल. पास्त्याचं पाणी म्हणजे तीच येळवणी. पास्त्याचा स्टार्च त्यात उतरलेला असतो. त्यातलं डावभर पाणी तव्यातल्या तेलात घालून हलवलं की तेल आणि पाणी एकजीव होतात आणि सॉस पास्त्याला धरतो. रोमकडे काचो ए पेपे नावाचा पास्ता करतात, त्यात चीज, मिरी आणि हे पाणी याखेरीज सॉस असा काही नसतोच. पाणी सकाळीच गेलं, मग संध्याकाळी दाटपणा आणायचा कुठून? म्हणून मैदा. मैद्याची चव झाकायला क्रीम, क्रीमचा गुळमटपणा मोडायला चीज, आणि त्यावर ओरेगॅनोच्या पुड्या. नऊ पास्त्यांची चव एकच का, हे मला त्या टोपल्याने सांगितलं. बशीचे २९० रुपये जातात त्याचं मला तितकं वाटत नाही, जितकं त्या ओतलेल्या पाण्याचं वाटतं.

घरी काय वेगळं होतं? फार नाही. पाकिटावर 'ड्युरम गव्हाचा रवा' लिहिलंय का ते बघून घेतो. इटलीत बनणारा सुका पास्ता ड्युरमचाच हवा असा १९६७ पासून कायदाच आहे. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातीचा. मैद्याची सुटी मॅकरोनी स्वस्त पडते, पण ती घरी केली तरी हॉटेलसारखीच होते. मग हॉटेलनेच काय घोडं मारलंय? पाणी दर शंभर ग्रॅमला एक लिटर आणि लिटरला दहा ग्रॅम मीठ, असा पुस्तकी हिशोब आहे. चौघांसाठी चार लिटर पाण्याला आमच्या गॅसवर उकळी येईपर्यंत मुलगी दोनदा 'झालं का' विचारून जाते. मी अडीच लिटरच घेतो, पहिली दोन मिनिटं हलवत राहतो. पाणी कमी म्हणून ते दाटही होतं, आणि मला तेच हवं असतं. पाकिटावर अकरा मिनिटं लिहिली असतील तर नवव्या मिनिटाला पास्ता झाऱ्याने उचलून थेट कढईत टाकतो, दोन डाव पाणी वर. उरलेली दोन मिनिटं तो तिथेच शिजतो. दाताला लागला पाहिजे. खिरीतल्या खपली गव्हाबद्दल आई हेच शब्द वापरते.

घरची बाजू अगदी निर्मळ आहे असंही नाही. चीजचं रडगाणं इथेही आहे. खरं पार्मिज्यानो, म्हणजे अस्सल पार्मेझान, किमान बारा महिने मुरवलेलं असतं. ते पुण्याहून कोणी येणार असेल तरच मिळतं, आणि किंमत बघून मी ते किसणीवर नाही, सुरीच्या टोकाने काढतो. दुसरं म्हणजे ते वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे पाचक रसाने, विरजतात. शाकाहारी घरात हे आधी सांगून टाकावं. मी सांगितलं तेव्हापासून आईची वाटी वेगळी, तिच्यात आपलं नेहमीचं चीज. टोमॅटोही वर्षभर सारखे नसतात. आंबट निघाले तर चिमूटभर साखर घालतो आणि कोणाला सांगत नाही. रिसोत्तो, म्हणजे इटालियन मऊ भात, हॉटेलच्या मेन्यूत आहे, पण सहाही वेळा 'आज नाहीये सर'. घरी मी इंद्रायणीचा करतो. इटलीचा माणूस त्याला रिसोत्तो म्हणणार नाही, पण ताटात उरत नाही.

आणि एक फजिती सांगितली नाही तर तुलना खोटी ठरेल. गेल्या दिवाळीत बहिणीकडचे आले, आम्ही अकरा जण. मी हौसेने म्हणालो, आज पास्ता माझ्याकडे. सव्वा किलो पेन्ने दोन पातेल्यांत लावली. एक आधी झालं, दुसऱ्याला उकळीच येईना. पहिलं चिकटायला लागलं म्हणून गार पाणी मारलं. तरी चिकटतंय म्हणून तेल चोळलं. गडबडीत कोणीतरी चाळणीखालचं पाणी सिंकमध्ये ओतलं. सॉस पातळ झाला, तेव्हा बायकोने शांतपणे मैद्याचा डबा पुढे सरकवला. पंगत बसेपर्यंत पाऊण तास गेला. काटा टोचला आणि नळी उभी चिरली. मी मान वर केली तर आई माझ्याकडेच बघत होती. बोलली मात्र काही नाही.

त्या रात्री हॉटेलमालकाबद्दल मला जरा माया वाटली. संध्याकाळभरात पास्त्याच्या ऑर्डरी आठ येणार की अठ्ठावीस, हे त्याला माहीत नसतं. तेवढ्यासाठी एक शेगडी चार तास पाणी उकळत ठेवायची म्हणजे गॅस जळतो. तरी माझं मत असं की एक पातेलं ठेवायला हरकत नव्हती. चहाच्या टपरीवाला दिवसभर आधण ठेवतोच की.

तेव्हा तुमच्याकडे माणसं सहाच्या वर असतील, किंवा कोणालाच ओट्यापाशी उभं राहायचं नसेल, तर बिनधास्त हॉटेलात जा आणि पिझ्झा मागवा. पास्ता मागवायचाच असेल तर पिंक मागवा, त्यात निदान टोमॅटो असतो. 'अर्धा कच्चा ठेवा' असं मी पाचव्या वेळी सांगून बघितलं. वेटरने मान डोलावली, पण टोपल्यातला शिजलेला पास्ता कच्चा कसा करणार? चौघं-पाचजण असाल आणि घरात एक मोठं पातेलं असेल, तर माझ्या मते घरीच. तुमचं मत वेगळं पडू शकतं. मऊ पास्ता आवडणारी माणसं आहेत, त्यातलं एक माझ्याच घरात आहे.

पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस. नऊ पूर्ण होतील. तिला विचारलं तर म्हणाली, "बाबा, तुझा पास्ता छान असतो, पण तो पिंक नसतो." शेवटी तोड निघाली आहे: पिझ्झा हॉटेलातून पार्सल आणि पास्ता घरी. टोमॅटोच्या सॉसमध्ये म्हशीच्या दुधाची साय घालून मी मंगळवारी एक घाणा करून बघितला. रंग थेट हॉटेलचा आला. पाणी मात्र मी वाटीत काढून बाजूला ठेवलं होतं, आणि सिंकपाशी स्वतः उभा होतो.