जर्मनी, ब्रिटन की गिफ्ट सिटी? कोल्हापूरच्या मेकॅनिकलवाल्यांसाठी

शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्री पट्ट्यातल्या घरात 'बाहेर जाऊन मास्टर्स करतो' असा विषय निघाला की एजंट बहुधा ब्रिटनपासून सुरुवात करतो. तिथली विद्यापीठं एजंटला कमिशन देतात. जर्मनीची सरकारी विद्यापीठं सहसा देत नाहीत. सल्ला ऐकताना एवढं ध्यानात ठेवा.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, सेमिस्टरची किरकोळ वर्गणी तेवढी. पण स्टुटगार्ट आणि कार्ल्सरूह ही मेकॅनिकलवाल्यांची आवडती नावं ज्या राज्यात आहेत, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आपल्या पोरांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ तर मास्टर्सला सेमिस्टरमागे 4,000 ते 6,000 घेतं. म्हणजे 'जर्मनी फुकट' हे अर्धंच खरं. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो आधी भरावे लागतात. शंभर रुपयांचा युरो धरला तर बारा लाखांच्या आसपास. हे पैसे बुडत नाहीत, महिन्याला 992 युरोप्रमाणे पोरालाच खर्चायला मिळतात. पण सुरुवातीला उभे करावेच लागतात. नोव्हेंबर 2022 पासून एपीएस प्रमाणपत्रही (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा जर्मन दूतावासाकडच्या केंद्राचा दाखला) सक्तीचं आहे, तेव्हा शिवाजी विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट वेळेत काढून ठेवा.

खरी गोम भाषेची. कोर्स इंग्रजीत मिळतो, पण लहान-मध्यम कारखान्यात नोकरी जर्मनवाचून अवघड. शिकल्यावर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. त्या वेळी जर्मनची अक्षरओळख सुरू करणाऱ्याचे ते महिने असेच जातात.

ब्रिटनचं गणित सोपं आणि महाग. मास्टर्स एका वर्षात उरकतं, भाषेची अडचण नाही. पण फी पूर्ण, वर आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना शिक्षणानंतर राहायला दोन वर्षांऐवजी 18 महिनेच मिळणार. कर्ज काढून जाणाऱ्याला हे सहा महिने फार मोठे. लग्न झालं असेल तर जोडीदाराला नेता येत नाही. नेहमीच्या मास्टर्ससाठी 2024 पासून ते बंद आहे.

गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत डीकिन आणि वॉलाँगाँग ही ऑस्ट्रेलियन विद्यापीठं आलीत. नवी मुंबईत कॅम्पस काढायलाही 2025 मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं मिळाली. पदवी परदेशी, जेवण घरच्या चवीचं! पण गिफ्ट सिटीतला भर फिनटेक, डेटा, सायबर सुरक्षेवर. मेकॅनिकलवाल्याला तिथं फारसं काही नाही. आणि ऑस्ट्रेलियात शिकलेल्यांना मिळणारा नोकरीचा व्हिसा इथं शिकून मिळत नाही. देश सोडायचाच नसेल, तरच हा विचार करा.

फौंड्री, मशीनिंग, डिझाइन यांतच राहणाऱ्याला मी जर्मनीच सांगेन, तेही तिसऱ्या वर्षापासून भाषा शिकणार असेल तर. नाहीतर कर्जाचा आकडा बघून ब्रिटन.

अनुसूचित जातीतल्या मुलांनी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आधी पाहावी. युरोपची इरॅस्मस मुंडस सर्वांना खुली आहे: किमान दोन देशांत शिक्षण, फी माफ, महिन्याला 1,400 युरो. बहुतेक कोर्सचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत, म्हणजे पोरगं शेवटच्या वर्षाला असतानाच भरावे लागतात.