एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन: दुर्मिळ झाडं बघायला गेलो आणि दगड घेऊन आलो

तर यंदा पण पुण्याच्या एम्प्रेस गार्डनला जाऊन आले. दर वर्षी २६ जानेवारीच्या आसपास तिथे पुष्पप्रदर्शन असतं आणि दर वर्षी मी शपथ घेऊन निघते की यावेळी काही घ्यायचं नाही, फक्त बघायचं, गॅलरीत पाय ठेवायला जागा नाहीये. नवरा ती शपथ ऐकून नुसता हसतो आणि गाडीच्या डिकीत जुने पेपर अंथरून ठेवतो. यावेळी सोबत आत्या होती, साताऱ्याहून खास आलेली. आयुष्यभर शाळेत शिकवलंय त्यामुळे ती स्टॉलवाल्याला भाव विचारते तेव्हा पण असं वाटतं की आता हातावर छडी बसणार.

गुलाब, शेवंती, पिटुनिया, फुलांच्या रचना, इकेबाना, बोन्साय यांच्याबद्दल मी लिहीत बसत नाही, ते सगळं सुंदरच असतं आणि त्याचे फोटो तुम्हाला चार-पाच फॅमिली ग्रुपवर आपोआप येतीलच. मला इंटरेस्ट असतो तो विचित्र झाडांत. जी बघून माणूस म्हणतो "हे झाड आहे?" त्या कॅटेगरीत. आणि त्यासाठी हे प्रदर्शन खरंच भारी आहे, कारण इथे झाडं विकणारे पण येतात आणि नुसती वेड म्हणून वाढवणारे पण येतात, आणि या दोन जातींच्या माणसांकडून मिळणारी माहिती पूर्ण वेगळी असते. मला तर हाच या प्रदर्शनाचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. विकणारा सांगतो "काही करावं लागत नाही मॅडम, आठवड्यातून एकदा पाणी." वेडा माणूस सांगतो मी हे झाड तीनदा मारलं, चौथ्यांदा जगलं, बसा सांगतो.

सुरुवात दगडांपासून. एका सक्युलंटवाल्याकडे ट्रेमध्ये बारीक खडी पसरलेली आणि त्यात गोट्यांएवढे करडे, तपकिरी, मध्ये चीर पडलेले दगड. बोर्डावर 'लिव्हिंग स्टोन'. आत्या म्हणाली, "म्हणजे दगडफूल? ते तर गोड्या मसाल्यात घालतात." स्टॉलवरचा मुलगा बिचारा गोंधळला. (आपलं मसाल्यातलं दगडफूल वेगळंच, ते झाडपण नाही, खडकांवर आणि झाडांच्या सालीवर वाढतं ते.) हे लिथॉप्स. मूळचं दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाचं, तिथल्या कोरड्या खडकाळ जमिनीत खडीत खडी होऊन बसतं म्हणजे कोणी खायला नको. आख्खं झाड म्हणजे दोन जाड पानं, बस. मधल्या चिरेतून डेझीसारखं पिवळं नाहीतर पांढरं फूल येतं आणि नंतर त्याच चिरेतून पानांची नवी जोडी. नवी जोडी जुन्या पानांतलं पाणी पिऊन वाढते आणि जुनी सुकून कागदासारखी होतात.

आता इथेच सगळे गंडतात, मी पण गंडले होते. जुनी पानं सुरकुतायला लागली की आपल्याला वाटतं तहान लागली आणि आपण मायेने पाणी घालतो. तेव्हाच नेमकं घालायचं नसतं. जुनी पानं पूर्ण वाळेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही, नाहीतर झाड सडतं. माझं पहिलं लिथॉप्स चार दिवसांत पिठल्यासारखं झालं होतं, अतिशयोक्ती नाही, चमच्याने उचललं मी ते. हे सगळं त्या मुलाला नीट माहीत होतं, त्याने स्वतःहून सांगितलं की पावसाळ्यात आडोशाला ठेवा आणि माती कमी, खडी जास्त. म्हणून त्याच्याकडूनच घेतलं. हो, घेतलं. शपथ साधारण अर्धा तास टिकली.

पुढे किडे खाणारी झाडं. तिथे लहान मुलांची एवढी झुंबड की आत्याला शाळेची मधली सुट्टी आठवली असणार. घटपर्णी टांगलेली, लालसर सुरया लोंबतायत, आणि एक आजोबा नातवाला सांगतायत की किडा आत गेला की झाकण धप्पकन बंद होतं. नाही होत हो! ते झाकण हलतच नाही. किडा सुरईच्या निसरड्या काठावरून घसरून आतल्या पाण्यात पडतो आणि तिथेच विरघळतो. भारतात जंगली घटपर्णी एकाच जातीची, मेघालयात, आणि तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. स्टॉलवर मिळतात ती नर्सरीत तयार केलेली संकरित झाडं, ती निवांत घ्या. फक्त साध्या मातीत आणि खतात लावू नका. या झाडांना मुळाशी खत मानवतच नाही, म्हणून तर किडे खातात ना. मातीऐवजी मॉस (शेवाळ) आणि पर्लाइट (ते पांढरे हलके दाणे), आणि पाणी पावसाचं किंवा आरओचं. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात नव्या सुरया येत नाहीत, जुन्या वाळतात, झाड मेलं समजून टाकून देऊ नका, हवेत ओल आली की परत येतात.

झाकण बंद होणारं झाड म्हणजे व्हीनस फ्लायट्रॅप, ते पण होतं, आणि प्रत्येक पोरगं त्यात बोट घालत होतं. त्याच्या जबड्यात आत बारीक केस असतात, २० सेकंदांच्या आत दोनदा स्पर्श झाला तरच ते मिटतं, म्हणजे पावसाचा एखादा थेंब पडला तर उगाच मेहनत नको. एक जबडा आयुष्यात मोजक्याच वेळा मिटू शकतो, त्यामुळे दिवसभर बोटं खाऊन ते झाड संध्याकाळपर्यंत अर्धमेलं होतं. शेवटच्या दिवशी स्वस्तात देतायत म्हणून घेणाऱ्यांनी हा विचार करा. शिवाय ते मूळचं अमेरिकेतल्या कॅरोलायनांमधलं, त्याला दोन-तीन महिने थंडीची झोप लागते. पुण्यात कशीबशी जमते, मुंबईकरांनी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत.

आत्या मात्र या सगळ्यावर फारशी इम्प्रेस झाली नाही. म्हणाली, "आमच्या कासला पायाखाली असतात की ही." आणि खरंच आहे ते. कास पठारावर पावसाळ्यात दवबिंदू नावाचं किडेखाऊ रोपटं असतं, लालचुटूक पानांवर चिकट थेंब आणि त्यात अडकलेलं चिलट. आणि जी निळी-जांभळी सीतेची आसवं बघायला आपण गाड्या भरून जातो ती पण किडेखाऊच! तिचे सापळे खाली चिखलात, बारीक फुगे असतात, त्यात पाण्यातले अगदी सूक्ष्म जीव ओढले जातात. वर एवढं नाजूक फूल आणि खाली हे धंदे. स्टॉलवरचा माणूस पण ऐकत उभा राहिला. त्याला म्हणाली, "तिथून आणून विकू नका हं." तो म्हणाला, "नाही हो मावशी, ती कुंडीत जगत पण नाहीत."

आता थोडं फसवाफसवीबद्दल, कारण 'रेअर' हा शब्द हल्ली सेलसारखा झालाय, कुठेही चिकटवतात. हे मी या प्रदर्शनाबद्दल बोलत नाहीये, गेल्या काही वर्षांत इथे तिथे, मॉलमध्ये, रस्त्यावर, ऑनलाइन जे पैसे घालवले त्याचा हा हिशोब आहे. निळं ऑर्किड घेतलं होतं, गडद शाईसारखं निळं. पुढच्या वेळी फुलं आली ती पांढरीशुभ्र, कारण दांड्यात रंग टोचलेला असतो. कॅक्टसवर छान जांभळं फूल होतं, महिनाभर सुकलंच नाही, मी कौतुकाने सगळ्यांना दाखवत होते, शेवटी ओढून बघितलं तर खाली ग्लू गन. व्हॅलेंटाइनला नवऱ्याने एकच हृदयासारखं पान कुंडीत खोचलेलं होया दिलं होतं. ते नुसतं पान असतं, त्याला खोडाचा डोळा नसेल तर ते वर्षानुवर्षं तसंच हिरवं राहतं पण वेल कधीच होत नाही. दोन वर्षं आम्ही एका पानाला पाणी घालत होतो. प्रेम आंधळं असतं ते असं.

आणि ते लाल-पिवळे गोळे डोक्यावर असलेले मून कॅक्टस, ते एक झाड नाहीच, दोन आहेत. वरच्या रंगीत गोळ्यात हिरवं द्रव्यच नाही त्यामुळे त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही, खालचा ड्रॅगनफ्रूटच्या भावकीतला हिरवा दांडा त्याला पोसतो. ही फसवणूक नाही, कलम आहे, फक्त फार वर्षं टिकत नाही हे माहीत असू द्या. गुलाबी पानांच्या फिलोडेंड्रॉनमध्ये मात्र नाव नीट विचारा. पिंक प्रिन्सेसचा गुलाबी रंग अस्सल, पिंक काँगो म्हणून जे आलं होतं त्याला केमिकलने गुलाबी केलेलं असतं आणि काही महिन्यांत नवी पानं सरळ हिरवी यायला लागतात. लॉकडाउनमध्ये ज्या पांढरे डाग पडलेल्या मॉन्स्टेराचे भाव ऐकून चक्कर यायची, त्यातली काही आता टिश्यू कल्चरमुळे (प्रयोगशाळेत एका तुकड्यापासून ढिगाने रोपं करतात ते) चांगली आवाक्यात आलीत, त्यामुळे घाई करू नका. साधी इनडोअर झाडं घ्यायची असतील तर प्रदर्शनात घेऊच नका, पुण्याजवळ नर्सऱ्यांचं गाव आहे सोरतापवाडी, तिथे चक्कर मारा.

माझ्या मते या वेळचं सगळ्यात भारी टेबल विक्रीच्या भागात नव्हतंच. एका कोपऱ्यात एक काका बसलेले, पाच-सहा कुंड्या, समोर गर्दी शून्य. एका कुंडीत बोटभर जाड हिरवट कांड्या, आडव्यातिडव्या, एखादं वाळकं पान लोंबतंय. मी पुढे जाणार तेवढ्यात आत्याने चिठ्ठी वाचली: शिंदळ माकुडी, विकायला नाही. मग जे बसलो ते पाऊण तास.

हे झाड जगात फक्त महाराष्ट्रात उगवतं. जुन्नर-शिवनेरी, पुरंदर, महाबळेश्वर अशा मोजक्या ठिकाणी, ते पण कड्याच्या कपारीत, जिथे शेळीचं तोंड पोहोचत नाही. डाल्झेल नावाच्या इंग्रजी अमदानीतल्या वनस्पतीवाल्याने ते शास्त्रात नोंदवलं आणि नाव दिलं मुंबईच्या गव्हर्नर बार्टल फ्रियरचं, फ्रेरिया. जगातल्या सर्वात धोक्यात असलेल्या बारा झाडांच्या यादीत एकेकाळी हे होतं. त्याच्या भावकीतली बाकी झाडं कॅक्टससारखी बिनपानांची, याला मात्र पावसाळ्यात चांगली पानं येतात आणि उन्हाळ्यात झडून नुसत्या कांड्या उरतात. काकांनी मोबाईलवर फुलाचा फोटो दाखवला, चांदणीसारखं, गडद मरून, त्यावर पिवळी नक्षी. माश्यांना बोलवायला असते म्हणे ती सगळी सजावट. कोणाकडून तरी मिळालेल्या फांदीपासून त्यांनी ते वाढवलं होतं, कड्यावरून उपटून नाही, हे त्यांनी आम्ही न विचारता दोनदा सांगितलं.

शेजारच्या कुंडीत फक्त माती. म्हटलं हे काय? म्हणे कंदीलपुष्प, आत्ता कंद झोपलाय, पावसाळ्यात या. आत्या उडालीच, "खरचुडी का? लहानपणी कंद खायचो आम्ही!" काकांनी कपाळावर हात मारला. सेरोपेजिया हे त्याचं शास्त्रीय नाव, सह्याद्रीत याच्या कितीतरी जाती आहेत, काही तर एखाद-दुसऱ्या डोंगरावरच. फूल म्हणजे खरंच कंदील, बारीक माशी नळीतून आत उतरते, आतले केस खाली वळलेले म्हणून तिला बाहेर पडता येत नाही, रात्रभर आत कोंडून परागकण अंगाला लागले की केस कोमेजतात आणि तिला सुट्टी. मारत नाही तिला, नुसतं डांबून ठेवतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव यांनी या जाती शोधण्यावर आणि वाचवण्यावर खूप काम केलंय, काका त्यांचं नाव घेताना कानाला हात लावत होते.

आणि मजा म्हणजे दहा पावलांवर एका स्टॉलवर स्ट्रिंग ऑफ हार्ट्स लटकत होतं, बदामासारख्या पानांच्या माळा, साडेतीनशे रुपये, मुली फोटो काढतायत. ते पण सेरोपेजियाच, आफ्रिकेतलं. आत्याने तिथे जाऊन त्या मुलींना फुलं बघायला लावली, बारीक जांभळट, कंदिलासारखी. "ही आमच्या खरचुडीची चुलत बहीण," म्हणाली. एकीने लगेच मोबाईलवर 'खरचुडी' सर्च केलं.

जायचं असेल तर सकाळी उघडताना जा, शक्यतो वर्किंग डेला, रविवारी अर्धं पुणं तिथे असतं. सुट्टे पैसे, कापडी पिशवी, आणि उंच झाड घेणार असाल तर काठी न्या. आत बाग स्वतःच एवढी जुनी आहे, चालवणारी संस्था १८३० सालची, की काही नाही घेतलं तरी त्या प्रचंड झाडांखाली आणि जाडजूड वेलींखाली बसून भेळ खाल्ली तरी तिकिटाचे पैसे वसूल. आत्या बसली तशी. तिने तीस रुपयांची अबोली घेतली, "वेणीला तरी उपयोग होईल" म्हणून, आणि माझ्या लिथॉप्सकडे बघून शेवटपर्यंत मान हलवत राहिली.

आता रोज रात्री फोन येतो. पहिला प्रश्न, "दगड कसा आहे?" मी सांगते, आहे तसाच आहे. मग ती विचारते, "पाणी घातलंस का?" मी म्हणते नाही घातलं. "शाब्बास," म्हणते आणि मग घरच्यांची चौकशी सुरू होते.