चाकाची हवा हळूहळू जाते: वरून सिलिकॉन की चाक खोलून?

शनिवारी संध्याकाळी २० पीएसआय भरलेलं रेसच्या गाडीचं मागचं चाक रविवारी सकाळी कोल्हापूरच्या हुपरी रोडच्या ट्रॅकवर १४ वर आलेलं. आधी व्हॉल्व्ह बघितला, मग टायरची कड. साबणाचं पाणी मारल्यावर मात्र बुडबुडे आले ते आतून, रिमचे दोन भाग बोल्टनं जुळतात त्या सांध्यातून.

उपाय दोनच. पहिला: टायर उतरवून आतल्या बाजूनं सांध्यावर सिलिकॉनचा नवा थर. तासाभराचं काम, बोल्टला हात लागत नाही. पण जुन्या थरावर नवा धड चिकटत नाही. जुना पूर्ण खरवडून, ॲसिटोननं पुसला तरच टिकतो. घाईत वर लेप फासला की पुढच्या महिन्यात परत तेच रडगाणं.

दुसरा: चाक खोलायचं. टायरमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय एकही बोल्ट सैल करायचा नाही, यात जिवाशी खेळ आहे. मग दोन्ही कडा साफ, चरे पडलेत का बघायचे, ओ-रिंगची, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीची, खाच असेल तर नवी रिंग. बोल्ट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क रेंचनंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं. जोराचा आकडा चाक बनवणाऱ्याचा. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये हाताच्या अंदाजावर आवळणारे पुष्कळ भेटतील, त्यांना चहा पाजा, चाक देऊ नका.

सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारं नको, ते धातूला खातं. वाळायला चोवीस तास द्या. रेस उद्याच असेल तर दोन्ही सोडा, सुटं चाक लावा. वेळ असेल तर मी खोलतोच.