नागपूर, नाशिक, कोल्हापूर की छत्रपती संभाजीनगर? मुंबई-पुण्याबाहेर घर करताना

मुंबई-पुणे सोडून राज्यातच दुसरीकडे घर करायचे म्हटले की आधी फ्लॅटचा दर विचारला जातो, मग हवा. रोजचे जगणे मात्र दोन साध्या गोष्टींनी सुखाचे किंवा कष्टाचे होते. एक, नळाला पाणी किती दिवसांनी येते. दुसरी, डॉक्टर, शिंपी, भाजी, बँक, एसटी स्टँड हे सगळे जवळजवळ असलेली जुनी बाजारपेठ गाडी न काढता गाठता येते का. या दोन्ही बाबतींत शहरागणिक फरक आहे आणि एकाच शहरात वसाहतीगणिक त्याहून मोठा. त्यामुळे खाली शहरांबरोबर वसाहतींची नावेही दिली आहेत.

मध्यवर्ती बाजारपेठ

या बाबतीत कोल्हापूरला तोड नाही. महाद्वार रोड, गुजरी, पापाची तिकटी, भाऊसिंगजी रोड, बिंदू चौक, लक्ष्मीपुरी हे सारे रमतगमत अर्ध्या-पाऊण तासात पायी फिरून होते. भाजी कपिलतीर्थ मार्केटला, सोने गुजरीत, धान्य लक्ष्मीपुरीत. मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन शहरातच, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. बाजाराला लागून शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ अशा भरल्या वस्तीच्या पेठा आहेत, म्हणून दुकानांची फळकुटे बंद झाली तरी रस्ता ओस पडत नाही. संध्याकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध समोर काढून मिळते. इतक्या छोट्या परिघात इतके सगळे राज्यात दुसरीकडे क्वचितच सापडेल. त्रास आहे तो गर्दीचा. शनिवार-रविवारी आणि नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या बाहेरगावच्या गाड्या पेठांच्या बोळांत शिरतात, आणि विसर्जन मिरवणुकीच्या रात्री महाद्वार रोडच्या आसपास झोप मिळत नाही. घरात आजारी किंवा वयस्कर माणूस असेल तर राजारामपुरीच्या आतल्या गल्ल्या बऱ्या. तिथे स्वतःची बाजारपेठही आहे.

नागपूरला दोन गाभे आहेत. रेल्वेच्या पश्चिमेला सीताबर्डी, पूर्वेला महाल-इतवारी-गांधीबाग. बर्डीवर कपडे, पुस्तके, मोबाइल असा किरकोळ बाजार. इतवारीत घाऊक व्यापार, आणि तोही मालागणिक वेगवेगळ्या ओळींत: सराफा ओळी, किराणा ओळी, भांडे ओळी. ही विभागणी एकदा डोक्यात बसली की लग्नाची सगळी खरेदी एका दिवसात उरकते. पूर्वी या दोन टोकांमधला प्रवास कटकटीचा होता. मेट्रोचा पहिला टप्पा २०२२ च्या डिसेंबरमध्ये पूर्ण झाला आणि चित्र बदलले. सीताबर्डीला दोन्ही मार्गिका मिळतात. शंकरनगर किंवा धरमपेठ कॉलेजहून बसा, बर्डी, कॉटन मार्केट, रेल्वे स्टेशन करत अग्रसेन चौक, चितार ओळीपर्यंत एकाच गाडीने जाता येते. दुसरी मार्गिका काँग्रेसनगर, अजनी, छत्रपती चौक करत विमानतळाकडे आणि पुढे खापरीला जाते. अडचण शेवटच्या एक-दीड किलोमीटरची. स्टेशनवरून घरापर्यंत ऑटोशी घासाघीस करावी लागते आणि मेच्या उन्हात तेवढे चालणेही शक्य नसते. म्हणून नागपुरात घर पाहताना स्टेशनपासूनचे अंतर नकाशावर मोजण्यापेक्षा दुपारी चालून बघावे.

नाशिकचा जुना बाजार, म्हणजे मेन रोड, रविवार कारंजा, सराफ बाजार, भद्रकाली, शालिमार, अजूनही जिवंत आणि स्वस्त आहे. पण नव्या वस्तीने त्याच्याकडे पाठ फिरवली आहे. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर राहणारे कुटुंब वर्षभराची बहुतेक खरेदी तिथेच करते. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडून जुन्या नाशकात यायचे तर मुंबई नाका किंवा द्वारका यांपैकी एक गर्दीचा चौक बहुधा वाट्याला येतो. शिवाय रेल्वे स्टेशन नाशिकरोडला, सीबीएसपासून (म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापासून) नऊ-दहा किलोमीटरवर. पहाटेची गाडी पकडायची असेल तर हे अंतर फार जाणवते.

संभाजीनगरात गुलमंडी, पैठण गेट, औरंगपुरा, सिटी चौक, शहागंज हा मूळ बाजार. कापड, भांडी, मसाले यासाठी आजही तिथेच जावे लागते. जुने दरवाजे ही शहराची शान आहे, त्यांच्या कमानींतून दुचाकी आणि रिक्षा एकावेळी शिरल्या की रस्ता तुंबतो. निराला बाजार आणि सिडकोतला कॅनॉट परिसर हे नवे पर्याय, चालायला सोपे. शहराचा सगळा पूर्व-पश्चिम भार जालना रोड उचलतो, त्यामुळे घर आणि काम या रस्त्याच्या दोन टोकांना असू नये, एवढे पथ्य पाळावे.

पाणी

इथे संभाजीनगरबद्दल स्पष्ट बोलायला हवे. पैठणचे जायकवाडी धरण पन्नासेक किलोमीटरवर, धरणात पाणी असते, आणि तरीही शहराला आठ-आठ दिवसांनी पाणी मिळण्याची वेळ आली. कारण जुन्या ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या वाहिन्यांची क्षमता शहराच्या वाढीपुढे कधीच संपली. शिवाय त्या वारंवार फुटतात, आणि एक फुटली की सगळ्या वसाहतींचे वेळापत्रक पुढे सरकते. २५०० मिलिमीटरची नवी वाहिनी हे त्यावरचे उत्तर, पण मुख्य वाहिनीत पाणी आले म्हणजे गल्लीतल्या नळाला आले असे होत नाही. मध्ये जलकुंभ आणि अंतर्गत वाहिन्या असतात. म्हणून ‘योजना कुठवर आली’ हे विचारत बसू नका. शेजाऱ्यांना विचारा, ‘मागचे पाणी कोणत्या दिवशी आले, किती वेळ होते, त्याआधी कधी?’ आणि साठा मोजा. माणशी रोज १३५ लिटर धरले तर चौघांना ५४० लिटर लागतात, आठ दिवसांचे झाले ४,३२० लिटर. म्हणजे तळहौद आणि गच्चीवरची टाकी मिळून निदान ५,००० लिटर हवेच, पाण्याचा दिवस एकाने लांबला तर तेही तोकडे पडते. अपार्टमेंटमध्ये हौदाच्या एकूण लिटरला फ्लॅटच्या संख्येने भागा. बोअर असेल तर त्याला मे महिन्यात पाणी असते का, तेही विचारा.

नागपूरचे पाणी पेंच प्रकल्प आणि कन्हान नदीतून येते आणि बहुतेक जुन्या वसाहतींत रोज येते. बेसा, बेलतरोडीसारख्या नव्या कडेच्या भागांत मात्र नळजोडणी आहे की सोसायटी टँकरवर चालते, हे खरेदीआधी पाहायलाच हवे. नाशिकला गंगापूर आणि मुकणे धरणांचा आधार आहे. चारांत पाण्याची काळजी तिथे सगळ्यात कमी. कोल्हापूरला काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन २०२३ च्या दिवाळीत आली. त्याआधी पंचगंगेकाठची उपसा केंद्रे महापुरात बुडायची आणि बाहेर पाणीच पाणी असताना शहर टँकरवर यायचे. आता ते संकट हलके झाले असले तरी पंप किंवा वाहिनी बिघडली की दोन-तीन दिवस नळ कोरडे राहतात. दोन दिवसांचा साठा घरात असावा.

ऊन आणि पूर

नागपूरचा उन्हाळा हा निर्णय फिरवणारा मुद्दा आहे. मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो आणि रात्रीही भिंती तापलेल्या राहतात. सगळ्यात वरचा मजला आणि पश्चिमेच्या भिंतीची झोपण्याची खोली, या दोन गोष्टी टाळा. शहर कूलरवर चालते. कोरड्या हवेत तो उत्तम काम देतो, पण त्याला दोन अटी असतात. ओली हवा बाहेर जायला समोरची खिडकी किंवा दार उघडे हवे, नाहीतर खोलीत दमटपणा साचून अंग चिकचिकते. आणि मोठा कूलर रात्रभरात शंभरेक लिटर पाणी घेतो, त्याची तजवीज हवी. बिल्डर दाखवतो त्या फ्लॅटमध्ये कूलर बसवायला खिडकीबाहेर स्टँडची जागा आणि नळ आहे का पाहा, अनेक नव्या इमारतींत ती नसते आणि मग एसीशिवाय गत्यंतर उरत नाही. जूनच्या मध्यात हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी, तेव्हा एका खोलीला एसी धरूनच खर्च मांडा. उत्तरेकडे कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रे आहेत. दम्याचा त्रास असलेल्यांनी त्या बाजूचे प्रकल्प स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत.

पुराचा धोका फक्त कोल्हापूरला नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, आणि त्यांत अंबाझरी लेआउटसारख्या चांगल्या, महागड्या वसाहती होत्या. नाशिकला गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाकाठी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून पुराचा अंदाज घेतात. सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी येते ते बरेचदा सरस्वती नाल्यातून उलटे.

हीच गोष्ट कोल्हापुरात मोठ्या प्रमाणावर घडते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी गाठते. २०१९ आणि २०२१ ला ती ५५ फुटांच्या वर गेली. पाणी नदीकडून सरळ येईल अशी अपेक्षा असते, प्रत्यक्षात ते जयंती नाल्यातून मागे तुंबत शहराच्या पोटात येते. म्हणून नदीपासून लांब वाटणारी शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, नागाळा पार्कचा सखल भाग पाण्याखाली जातो, आणि मंगळवार पेठेचा चढावरचा भाग, राजारामपुरी, सागरमाळ कोरडे राहतात. घर पाहायला गेलात की गल्लीतल्या दुकानदाराला २०१९ च्या पाण्याची खूण कुठवर आहे ते विचारा. कोणीही हाताने दाखवेल. कागदावर निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतले काहीही घेऊ नका. दोन रेषांमधले घ्यायचे तर तळमजला पार्किंगचा असलेली इमारतच, आणि विजेचे मीटर व पंप कुठे बसवलेत ते पाहून. पूर फार वाढला की शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्गही बंद होतो, म्हणजे चार-पाच दिवस पुण्याकडची वाट बंद. औषधे आणि गॅस त्या हिशोबाने ठेवावे लागतात.

ये-जा आणि काम

मुंबईशी संबंध तुटू द्यायचा नसेल तर नाशिक. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येणारे लोक पिढ्यान् पिढ्या आहेत. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाल्यापासून रस्त्याने कसारा घाट टाळता येतो. पुण्याला मात्र नाशिकहून सरळ रेल्वेमार्ग नाही, आणि महामार्गावर चाकण-राजगुरुनगरचा पट्टा वेळ खातो. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामे चालू आहेत, त्यामुळे पंचवटी आणि तपोवनाच्या बाजूला घर घेणाऱ्यांनी निदान तोवर भाड्याने राहून पाहावे.

संभाजीनगर कारखानदारीचे शहर आहे: वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि पुढे बिडकीन. पण वाळूज पश्चिमेला आणि शेंद्रा पूर्वेला, दोघांच्या मध्ये जालना रोड. नोकरी कुठे ते ठरल्याशिवाय घर ठरवू नये. नागपुरात मिहानमध्ये आयटी, बुटीबोरीत कारखाने, आणि विमानतळ शहराला लागून. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथे फाउंड्री आणि यंत्रभागांचे काम भरपूर, आयटीची नोकरी मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने वकिलांची वर्दळ वाढली आहे, त्याने मध्यवर्ती भागातल्या भाड्यांवरही ताण येणार.

उपचारांत नागपूर बरेच पुढे. मेडिकल, मेयो आणि एम्स या तीन मोठ्या सरकारी संस्था, शिवाय धंतोली-रामदासपेठेत खासगी रुग्णालयांची दाटी. संभाजीनगरला घाटी, कोल्हापूरला सीपीआर ही सरकारी रुग्णालये.

कागद

नागपुरात प्लॉट किंवा जुने घर घेताना ‘आरएल’, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचे पत्र, मिळाले आहे का हा पहिला प्रश्न. गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालेल्या लेआउटमध्ये नागपूर सुधार प्रन्यास ते पत्र देते. ‘डिमांड भरली आहे’ (नियमित करण्याचे शुल्क भरले आहे) एवढ्यावर समाधान मानू नका, आरएल नसेल तर बँक कर्जाला अडते. नाशिक आणि संभाजीनगरच्या सिडको वसाहतींत घरे मुळात भाडेपट्ट्याची. फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीचे, झाले आहे का, नसेल तर हस्तांतरणाचे शुल्क कोण भरणार, हे विसारपावतीतच लिहून घ्या. संभाजीनगरच्या सातारा-देवळाई भागात गुंठेवारीचे प्लॉट पुष्कळ आहेत, तिथे ड्रेनेज आहे की शोषखड्डा, ते झाकण उघडून पाहा. कोल्हापूरची हद्दवाढ वर्षानुवर्षे रखडली, त्यामुळे उचगाव, पाचगाव, कळंबा या शहराला चिकटलेल्या भागांत कारभार ग्रामपंचायतीचा. कर कमी, पण कचरा आणि गटार तुमच्या नशिबावर.

कोणी कुठे

गाडी चालवणे सोडलेल्या जोडप्याने कोल्हापूर, राजारामपुरी किंवा मंगळवार पेठेचा वरचा भाग. नियमित उपचार चालू असतील आणि ऊन सोसवत असेल तर नागपूर, धरमपेठ-शंकरनगर किंवा काँग्रेसनगर. मुलांची शाळा आणि मुंबईची नोकरी दोन्ही सांभाळायचे असेल तर नाशिक, आणि स्टेशन रोजचे असेल तर सरळ नाशिकरोड. संभाजीनगर कारखान्यात काम असलेल्यांसाठी. तिथे सिडकोच्या एन-सेक्टरांत रस्ते रुंद आहेत आणि बाजार पायी आहे, फक्त हौद मोठा असलेलेच घर घ्या.

पाहणीला कधी जायचे, हेही ठरलेले असावे. नागपूरला मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, आणि घर दुपारी तीन वाजता पाहा. कोल्हापूरला जुलैअखेरीस, संभाजीनगरला एप्रिलमध्ये. नाशिकला कधीही, पण एकदा संध्याकाळी सहाला द्वारकेवरून जाऊन या. दिवाळीत ही चारही शहरे सुंदर दिसतात, तेव्हा पाहून विसार देऊ नये.