दहा इंची सुतारी अंबूर : जुन्या सागवानावर बरेच महिने वापरल्यानंतर

गेल्या उन्हाळ्यापासून हा अंबूर, म्हणजे खिळे उपटायची गोल जबड्यांची पक्कड, माझ्या हातात आहे. सोलापुरात चौपाडाजवळचा आमचा जुना वाडा उतरवला, तेव्हा दारांच्या फळ्या, तक्तपोशीच्या (लाकडी छताच्या) पट्ट्या आणि खिडक्यांच्या चौकटी मी भंगारात जाऊ दिल्या नाहीत. सगळं सागवान, आणि सगळं खिळ्यांनी भरलेलं. त्यातून आता एक कपाट आणि जेवणाचं टेबल उभं राहिलंय. जुनं लाकूड वाचवायचं असेल तर पहार आणि हातोडी बाजूला ठेवून आधी अंबूर घ्या, असं मी प्रत्येकाला सांगेन.

हातोडीच्या मागचा फाटा ठोकलेला खिळा उपटायला चांगला, पण त्यासाठी माथा थोडा तरी वर आलेला लागतो. जुन्या फळीत तो लाकडाच्या पातळीला किंवा जरा आतच असतो. मग फाटा घुसवायला आजूबाजूचं लाकूड खरवडावं लागतं. शिवाय हातोडीचा सगळा भार एका लहानशा जागेवर येतो आणि तिथे खळगा पडतो. खिळा लांब असला की अर्ध्यावर येऊन वाकतो, आणि बाहेर पडताना भोक लांबट करून जातो. म्हणजे लाकडाचं नुकसान खिळ्यापेक्षा हत्यार कुठे टेकतं यामुळे जास्त होतं.

अंबुराचे जबडे बाहेरून गोल असतात, त्याचा खरा फायदा इथे होतो. खिळा अगदी मुळाशी पकडायचा आणि दांडे एका बाजूला कलवून जबडा लाकडावर लोळवायचा. टेकू खिळ्याला चिकटून आणि दांडा लांब, त्यामुळे थोड्या जोरात बरंच काम होतं. एका झटक्यात पूर्ण उपटायला जायचं नाही. थोडं वर आलं की सोडायचं, पुन्हा खाली मुळाशी पकडायचं. जबड्याखाली पुट्टीची पत्ती सरकवली की डाग पडत नाही. माझ्या अनुभवात लाकडाच्या रेषांच्या दिशेने कललं तर भोक कमी फाकतं, आडवं कललं तर कडेचे तंतू चेपतात. आमच्या गल्लीतले मिस्त्री बघायला आले होते, तेही हेच म्हणाले, "मालक, जोर कमी लावा, पकड बदलत ऱ्हावा."

नव्या अंबुरात मात्र एक अडचण असते. जबड्याच्या टोकाला बाहेरून उतार दिलेला असतो, त्यामुळे टोक लाकडाला सपाट टेकत नाही आणि बुटका माथा निसटतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी तो उतार ग्राइंडरवर घासून तोंड सपाट करून घेतलं. घासताना मध्ये मध्ये पाण्यात बुडवायला सांगा. पोलाद निळं पडेपर्यंत तापलं तर त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो आणि धार टिकत नाही. या एका बदलाने हत्याराचं मोल दुप्पट झालं असं मला वाटतं.

गंजलेला खिळा सरळ ओढू नका. गंजाने तो लाकडाच्या तंतूंना धरून बसलेला असतो. माथ्यावर पंच ठेवून हातोडीने किंचित आत ठोका, ती पकड सुटते आणि मग खिळा मुकाट्याने वर येतो. एवढ्यानेही हलला नाही तर तापलेली सोल्डरिंग आयर्न माथ्यावर थोडा वेळ टेकवतो. तापून फुगलेला खिळा थंड होताना आकसतो आणि सैल होतो. जुन्या दारांचे खिळे मागच्या बाजूला वळवून ठोकलेले असतात. ती टोकं पटाशीच्या कडेने उचलून सरळ केल्याशिवाय पुढून हात लावला तर मागची चिरफळी नक्की. बारीक माथ्याचे खिळे पातळ पट्टीत असतील तर उलट करायचं : मागून टोकाला पकडून आरपार ओढून घ्यायचे. दर्शनी बाजू जशीच्या तशी राहते.

वेळही महत्त्वाची. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात लाकूड सुकून आकसतं आणि खिळे काहीसे ढिले होतात. तेच काम पावसाळ्यात फुगलेल्या लाकडात करताना मला जास्त जोर लावावा लागला. लोखंडाभोवती काळे डाग दिसले तर घाबरू नका, ओल्या लाकडातलं टॅनिन आणि लोखंड मिळून ते होतात. ऑक्झॅलिक अॅसिडच्या पाण्याने बरेचसे निघतात. हातमोजे घाला, हे रसायन विषारी आहे, नंतर लाकूड पाण्याने नीट पुसा. तंतू नुसते चेपले असतील तर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली की खळगा वर येतो. तुटलेले तंतू मात्र परत येत नाहीत.

मर्यादाही सांगतो. माथा खोल बुडालेला असेल तर अंबूर उपयोगाचा नाही, तिथे भोवती गिरमिटाने कोरून नंतर लाकडाची गुल्ली बसवावी लागते. तुळयांतले घडीव चौकोनी मोठे खिळे दहा इंचीला जड जातात, त्यांना लांब दांड्याचाच हवा. दिवसभर काम केलं तर मनगट दुखतं.

घेताना दोन गोष्टी बघा : दोन्ही जबडे मिटल्यावर मध्ये उजेड दिसता कामा नये, आणि रिव्हेट हलता कामा नये. ओतीव स्वस्त माल न घेता घडीव पोलादाचा घ्या, आणि काम झालं की सांध्यात तेलाचा थेंब सोडा.