लघवीच्या पिशवीचं जुनाट दुखणं आणि पीआरपीचं पॅकेज: पैसे कशाला द्यावेत, कशाला नाही

लघवीची पिशवी भरत आली की ओटीपोटात कळ, मोकळी केली की घटकाभर आराम, रात्रीतून पाच-सहा खेपा आणि कल्चर (लघवीतल्या जंतूंची तपासणी) दरवेळी स्वच्छ. खानापूर, निपाणी, चिकोडीकडे कितीतरी बायका याला ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धने-जिऱ्याच्या पाण्यावर नाहीतर अँटिबायोटिकच्या एकामागून एक कोर्सवर वर्षं काढतात. संसर्ग नसताना सहा आठवड्यांवर टिकलेलं हे दुखणं बहुधा इंटरस्टिशियल सिस्टायटिस असतं. नेमकं कारण ठाऊक नाही, पण पिशवीचं आतलं अस्तर झिजतं, लघवीतलं पोटॅशियम आत झिरपतं आणि नसा चेततात, असं मानलं जातं.

ते अस्तर पुन्हा भरून यावं म्हणून पीआरपी, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेटचा अर्क टोचतात. तैवानमधल्या अभ्यासांत वापरलेली पद्धत अशी: सुमारे ५० मिली रक्त काढायचं, रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून १० मिली पीआरपी करायची, दुर्बिणीतून अस्तराखाली २० जागी अर्धा-अर्धा मिली टोचायची. महिन्याला एकदा, असं चार वेळा. दुखणं आणि खेपा कमी झाल्याचे निकाल चांगले आहेत, पण अभ्यास लहान आहेत. म्हणून हा पहिला उपचार नव्हे.

बिघडतं ते बहुतेक तयारीत. सेंट्रिफ्यूज चुकीच्या वेगाने फिरवला तर प्लेटलेट फुटतात किंवा पुरेशा गोळाच होत नाहीत. सुई खोल गेली तर औषध स्नायूत जातं, वरच राहिली तर लघवीत वाहून जातं. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा: तयार पीआरपीतल्या प्लेटलेट मोजता का? रक्तातल्या आकड्याच्या कितीपट येतात? याचं उत्तर नसेल तर ते पॅकेज घेऊ नका. टोचण्याआधी कल्चर स्वच्छ हवं. अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या प्लेटलेटचं काम मंदावतात; त्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं. हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःहून कधीच बंद करू नये. नंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, जळजळते. कधी अडते, कधी संसर्ग होतो. उपचार बेळगावात घेणार असाल तर त्याच संध्याकाळी बसने निपाणी गाठायचा बेत नकोच, रात्री तिथेच मुक्काम ठेवा.

पीआरपीआधी काय तपासलं, यावरून आम्ही दवाखान्याची सेवा जोखतो. आपल्याकडे पिशवीचा क्षयरोग हुबेहूब असाच दिसतो: लघवीत पू, पण साध्या कल्चरमध्ये जंतू नाहीत. पहाटेच्या लघवीचे तीन नमुने क्षयाच्या तपासणीला गेलेच पाहिजेत. कर्करोग नाही ना, यासाठी सायटॉलॉजी (लघवीतल्या पेशींची तपासणी) आणि दुर्बीण. दुर्बिणीत हन्नर व्रण दिसला (या दुखण्यात काहींच्या अस्तरावर दिसणारा लालसर व्रण), तर आधी तो जाळावा किंवा त्यात ट्रायॅमसिनोलोन हे स्टेरॉइड टोचावं. तिथे पीआरपीने सुरुवात करणं आम्हाला चूक वाटतं. व्रण नसेल तर हायलुरॉनिक अ‍ॅसिड, म्हणजे अस्तराला लेप देणारं औषध, पिशवीत सोडून बघावं: ४० मिग्रॅ, ५० मिलीत, आठवड्याला एकदा, निदान अर्धा तास धरून ठेवायचं. याच दुखण्यावरच्या पेंटोसॅनच्या गोळ्या दीर्घकाळ चालणार असतील तर डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा.

‘स्टेम सेल’ (मूळपेशी) म्हणून विकली जाणारी पॅकेजं आम्ही साफ नाकारतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर असे उपचार फक्त मंजूर चाचणीतच करता येतात. चाचणी असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात; ज्याने बिल पुढे केलं, त्याची चाचणी खरी नाही.

संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत हातात आलं तर मराठीतून वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा. आणि पहिल्या इंजेक्शनाआधी तीन दिवसांची लघवीची वही लिहा: वेळ, किती मिली, दुखणं दहापैकी किती. मापाचा प्लास्टिकचा मग पुरतो. दुसऱ्या इंजेक्शनानंतर तीच वही पुन्हा लिहा. दोन्हींत फरक नसेल तर उरलेल्या दोन इंजेक्शनांचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांसमोर दोन्ही वह्या ठेवा.