पाककृतींची घरगुती डायरी २०२६ : घेण्याआधी मे महिना उघडून बघा

घरगुती डायरी घेताना लोक मुखपृष्ठ बघतात, फार तर कागद चाचपतात. आमचा सल्ला : आधी मे महिना काढा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. म्हणजे जावयाला तेहतीस अनारशांचं वाण. आता अनारशांची कृती कुठल्या आठवड्यात छापलीय ते पाहा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग सावलीत पसरून दमट असतानाच दळून चाळायचे, गूळ घालून मळलेलं पीठ चार-पाच दिवस मुरवायचं. धरून चाला आठ-नऊ दिवस. त्यामुळे कृती ४ मेच्या आठवड्यातच हवी. ती १७ मेसमोर छापली असेल तर ते पान नुसतं शोभेचं.

बहुतेक डायऱ्या मार खातात त्या इथेच. मागच्या वर्षीची फाइल उघडून फक्त तारखा बदलल्या जातात, कृती जिथल्या तिथे राहतात. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहे. तरी उकडीचे मोदक ऑगस्टअखेरच्या पानावर बसलेले दिसले, तर समजा संपादकाने पंचांग उघडलेलंच नाही. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, तेव्हा चकलीची भाजणी ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात यायला हवी. कैरीचं लोणचं पावसाआधी, हे वेगळं सांगायला नकोच.

दुसरी तपासणी डिसेंबरच्या शेवटी. २०२६ ची सुरुवात गुरुवारी होते, त्यामुळे सोमवारपासून आठवडे मोजले तर ते ५३ भरतात. जोडपानावर एक आठवडा धरला तर १०६ पृष्ठं, बारा महिन्यांच्या पाककृतींची २४, हिशोबाची २४ आणि सुरुवातीची ६. बेरीज १६०, म्हणजे सोळा पृष्ठांचे बरोबर दहा फॉर्मे (फॉर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा). गणित इतकं नेमकं जुळतं की एखादं जादा जोडपान घालायचं तर अकरावा फॉर्मा लागतो आणि खर्च उडी मारतो. म्हणून ५२ आठवड्यांच्या जुन्या साच्यावर काम करणारे २८ ते ३१ डिसेंबर एका कोपऱ्यात चार ओळींत कोंबतात. दूध-पेपरची बिलं चुकती करायचे नेमके तेच दिवस!

पाककृती मुळात बऱ्या असतात, बिघडतात त्या टायपात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना '१/२ चमचा' मधली रेघ गळते आणि 'सोडा १२ चमचा' छापून येतं. 'चमचे' न म्हणता 'चमचा' म्हटलंय, यावरून चूक ओळखायची. शहाणे संपादक अपूर्णांक अक्षरात लिहितात : अर्धा, पाव, पाऊण. वाटी किती मिलिलिटरची, हेही सुरुवातीला एकदा सांगितलेलं असावं. भाजणी प्रमाणावर चालते, चार वाट्या तांदळाला दोन वाट्या हरभरा डाळ कुठल्याही वाटीने मोजा. पण पीठ वाटीने आणि मोहन चमच्याने दिलं की वाटीचा आकार आडवा येतो. मोहन जास्त झालं की चकली तेलात तुटते, कमी पडलं की दगड. अनारशांच्या कृतीत तर गूळ जास्त झाल्यास अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो, आणि तेव्हा पिठात थोडं कोरडं तांदळाचं पीठ मिसळायचं, एवढी ओळ हवीच. ती नसेल तर कृती करून न बघताच छापलीय, अशी आम्हाला शंका येते.

१९७३ पासून निघणाऱ्या कालनिर्णयाने तारखेच्या मागच्या बाजूला पाककृती वाचायची सवय मराठी घरांना लावली, त्यामुळे डायरीकडूनही पंचांगाची अपेक्षा असते. संकष्टीचा चंद्रोदय बहुधा मुंबईचा छापतात. नागपूरला तो साधारण पंचवीस मिनिटं आधी होतो, म्हणून गावनिहाय तक्ता आहे का ते बघा. सुट्ट्यांच्या बाबतीत मात्र डायरीला फार दोष देता येत नाही. चंद्रदर्शनावरचे सण सरकतात आणि कधी सरकार ऐन वेळी सुट्टीच हलवतं. २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची मुंबईतली सुट्टी ५ सप्टेंबरवरून ८ वर गेली, तोवर छापील डायऱ्या घरोघरी पोचून नऊ महिने झाले होते.

बांधणीत आमचं मत ठाम आहे. ओट्यावर उघडी ठेवायची वस्तू वायरोची (तारेच्या कड्यांची) किंवा फॉर्मे शिवलेली हवी. नुसत्या गोंदाने चिकटवलेली डायरी सपाट पडत नाही आणि कढईशेजारी दाबून उघडली की पाठ तडकून पानं सुटतात. पानं उभी राहत असतील, सारखी मिटत असतील, तर कागदाचा दाणा, म्हणजे तंतूंची दिशा, पाठीला समांतर न धरता आडवा कापलाय. लिहायला ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा कागद, पुरतो, त्याहून पातळ कागदावर जेल पेन पलीकडे दिसतं. पाककृतींना गुळगुळीत आर्टपेपर वापरतात, फोटो छान येतात, तेलाचा डाग पुसताही येतो. पण 'पुढच्या वेळी मीठ कमी' असं कडेला लिहायला गेलं की शाई फरफटते. आमची पसंती अशा डायरीला, जिच्यात फोटो कमी आहेत, पाककृती त्याच मॅपलिथोवर आहेत आणि प्रत्येकीखाली तीन ओळी रिकाम्या सोडल्या आहेत.